पाडव्याला गेलो तर पळस संपलेला! यंदा चैत्र कसा आखू?

गच्चीवरची | १२ फेब्रुवारी २०२६, रात्री १०.४०

मंडळी, धागा जरा लांबणार आहे. प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही एकमेकांत अडकलेत.

माझे बाबा ७६ वर्षांचे. मूळचे भंडारा जिल्ह्यातले, साकोलीकडचे. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी त्यांना पुण्यात माझ्याकडे आणलं. गेल्या वर्षी जानेवारीत त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावरचं पहिलं वाक्य, "अवं बाई, हे भित पांढरी हाये काय? मले वाटे तुमी पिवळा रंग मारला." पुढे आठवडाभर ते घरातल्या वस्तूंचे रंग नव्याने बघत हिंडत होते. माझी एक दहा वर्षं जुनी साडी त्यांनी मला तीनदा "नवी घेतली काय?" म्हणून विचारली. आणि एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, यंदा पळस पाहायचा.

आता आमचा शहाणपणा ऐका. आम्ही मुहूर्त धरला पाडव्याचा. पाडवा म्हणजे वसंताची सुरुवात, निबंधात हेच लिहीत आलो. ३० मार्च, त्यात रविवार. गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली, आणि भर उन्हात सासवडच्या रस्त्याला लागलो. बऱ्याच वेळाने नवऱ्याने बोट दाखवलं, "तो बघा पळस." झाडावर तीन-तीन पानांची गर्द हिरवी पालवी आणि चपट्या पोपटी शेंगांचे घोस. फूल औषधाला नाही. खाली वाळून काळपट झालेली चार-दोन पडली होती. बाबा उतरले, एक शेंग हातात धरून उलटसुलट केली आणि म्हणाले, "पेपर सुटल्यावर आलो आपण."

तर प्रश्न. यंदा पळस कधी आणि कुठे बघावा? गुडघे दुखतात, शंभर पावलांच्या वर चालणं नाही, म्हणजे गाडीतून उतरलं की समोर झाड हवं. दुसरं, सासूबाईंनी यंदा चैत्रगौरीचं हळदीकुंकू माझ्यावर सोपवलंय. चाळीसेक बायका. पन्हं आणि आंबेडाळ एवढ्यांना किती, आणि उन्हाळ्यात डाळ आंबू नये म्हणून काय करायचं? तिसरं, गच्ची. गेल्या वर्षी पाडव्याच्या उत्साहात मेथी, कोथिंबीर आणि पालक पेरला. मेथी चार बोटं वाढून पिवळी पडली, कोथिंबिरीला थेट फुलं आली, पालक उगवलाच नाही. रंगाच्या जुन्या बादलीतला मोगरा वर्षभर नुसता पानं काढतोय. सोसायटीचे सेक्रेटरी "गच्चीला ओल येते" म्हणून रोज एक फेरी मारतात ते वेगळंच.

थोडक्यात, हा वसंत आपल्याकडे नक्की येतो तरी कधी?

---

दोनच_ऋतू | १२ फेब्रुवारी, रात्री ११.०५

पुण्यात वसंत येत नाही. हिवाळ्याचा स्वेटर कपाटात गेला की दुसऱ्या दिवशी कूलरचं पाणी भरायचं असतं. तुमच्या बाबांनी शेंग बघितली तोच वसंत समजा.

(मोगऱ्याचं उत्तर मलाही हवंय. वाचतोय.)

---

मोहाडीचा | १३ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

ताई, साकोली म्हटलं आणि लिहायला बसलो. मी मोहाडीचा, म्हणजे तुमच्याच भंडारा जिल्ह्यातला, आता ठाण्यात.

तुमची चूक मुहूर्ताची आहे. पाडवा पाहा कसा सरकतो: २०२४ साली ९ एप्रिल, २०२५ साली ३० मार्च, यंदा १९ मार्च. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान, ती तूट मग अधिक महिना घालून भरायची. म्हणून तिथी तीन आठवडे मागेपुढे होते. झाड बिचारं तिथी कशाला बघेल? त्याला ऊन, कोरडी हवा आणि लांबणारा दिवस कळतो. पानं गळून गेली, थंडी मोडली की पळस कळ्या धरतो. तुमच्या पुण्या-कोकणाकडे फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. आमच्याकडे होळीला पुरा भरात असतो आणि मार्च सरेपर्यंत काही झाडं टिकून राहतात. होळी धरून चाला, पाडवा धरून नको. होळीही तिथीनेच सरकते हे खरं, पण ती पाडव्याच्या पंधरवडाभर आधी येते, म्हणून सहसा हुकत नाही.

आणखी एक. सकाळी जा. दहानंतर गेलात तर लाल रंग दिसेल, पण झाडावरची वर्दळ दिसणार नाही. पळसाच्या फुलात मध भरपूर, त्यामुळे पक्ष्यांची खानावळ असते ती. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, खारीसुद्धा. भोरड्यांचा थवा आला तर नशीबच. त्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. संस्कृतात पळसाच्या फुलाला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?" फूल हातात घेतलंत तर चोच दिसेलच.

बाबांना विचारा, लहानपणी होळीचा रंग कसा करायचे. आमच्याकडे आजी आदल्या रात्री फुलं कढत पाण्यात भिजत घालायची. सकाळी पाणी केशरी-पिवळं. त्यात चिमूटभर चुना टाकला की रंग एकदम गडद व्हायचा. उरलेल्या पाण्याने आम्हा पोरांना आंघोळ, उन्हाळा बाधू नये म्हणून. उन्हाळा बाधायचा तो बाधायचाच, पण बनियनं महिनाभर पिवळी राहायची.

आणि पळस झाल्यावर मोह. मार्चच्या शेवटापासून पहाटे मोहफुलं टपटप गळतात. आई अंधारात टोपली घेऊन जायची, कारण उजाडलं की गुरं आणि त्याआधी अस्वलं. वेचायला सोपं जावं म्हणून काही लोक झाडाखालचा पाला पेटवतात, त्यातून जंगलाला वणवे लागतात. हा प्रकार मला कधीच पटला नाही. खाली जुनं लुगडं किंवा जाळी अंथरली तरी काम होतं. वाळवलेल्या मोहफुलांच्या पुऱ्या खाल्ल्यात का तुम्ही? बाबांनी नक्की खाल्ल्या असतील. विचारून इथे लिहा.

---

माणगावकर | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

सासवडकडे जाण्यापेक्षा ताम्हिणी उतरा. घाटात पांगारा आणि काटेसावर दोन्ही लाल दिसतील, बाबांना फरक विचारा म्हणजे प्रवास बरा जाईल. घाट संपल्यावर विळे, निजामपूर ते माणगाव हा पट्टा. भातखाचरांच्या बांधावर, अगदी डांबराला लागून पळस आहेत. शंभर काय, दहा पावलं चालावं लागणार नाही. घाटात कुसुंबाला तांबडी पालवी आली असेल तर तिला फूल समजू नका, मुंबईची मंडळी दरवर्षी समजतात.

पांढऱ्या पळसाच्या मागे लागू नका. कुणीतरी सांगतं, त्याने धन मिळतं, आणि मग लोक त्या झाडाची साल आणि मुळं ओरबाडतात. पिवळ्या फुलांचा पळस क्वचित असतो, दिसला तर बघावा आणि ठिकाण कुणाला सांगू नये.

परत येताना रस्त्यावर फणसाची कुयरी मिळाली तर आणा. कोवळी, मुठीपेक्षा थोडी मोठी. विळीला आणि हातांना तेल लावायला विसरलात तर चीक आठवडाभर आमची आठवण देईल.

---

आंबेडाळ_आज्जी | १३ फेब्रुवारी, दुपारी २.३०

गच्चीवरची, तू पन्ह्याचं विचारलंस. मी बत्तीस वर्षं चैत्रगौर करतेय, आमचं प्रमाण देते, ते डोळे मिटून घे.

चाळीस बायकांना दोन किलो कैऱ्या. उकडून गर काढायचा. जेवढ्या वाट्या गर, त्याच्या दीडपट चिरलेला गूळ. कैरी फार आंबट निघाली तर थोडा वाढव. गूळ गर गरम असतानाच मिसळ, म्हणजे वेगळा पाक करावा लागत नाही. मीठ, वेलची, केशर असलं तर. हा गोळा फ्रिजमध्ये आठ दिवस छान राहतो. आयत्या वेळी माठाचं पाणी घालायचं. कच्च्या कैरीच्या किसाचंही पन्हं करतात, चवीला झणझणीत असतं, पण ते त्याच दिवशी संपवायचं. ४० जणींसाठी त्या भानगडीत पडू नकोस.

डाळ पाऊण किलो पुरते, वाटीभर प्रत्येकीला थोडीच द्यायचीय. चार-पाच तास भिजव, चाळणीत चांगली निथळू दे, आणि वाटताना पाण्याचा थेंब घालू नकोस. भरड राहिली पाहिजे. पीठ झालं की संपलं. आंबते कशाने, तर ओल्या खोबऱ्याने आणि गरम फोडणी ओतल्याने. म्हणून वाटलेली डाळ फ्रिजमध्ये वेगळी, कैरीचा कीस वेगळा, फोडणी करून पूर्ण गार. बायका यायच्या अर्धा तास आधी एकत्र कर, खोबरं तर अगदी शेवटी. फोडणीत हिंग सढळ हाताने घाल, हरभऱ्याच्या डाळीला तो लागतोच. ओटीला भिजवलेले हरभरे आदल्या रात्रीच टाक, ते सगळ्याच विसरतात.

आणि चैत्रांगण काढ गं. रांगोळी येत नाही म्हणून स्टिकर चिकटवू नकोस.

---

कुंडीतला_शेतकरी | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४५

मेथी, पालक, कोथिंबीर ही थंडीची मंडळी. पाडव्याला पेरणं म्हणजे कोजागरीला छत्री विकत घेणं. आत्ता, म्हणजे याच आठवड्यात, लावायचं ते हे: भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, लाल माठ. पंधरा-वीस लिटरच्या बादलीत भेंडीची दोन रोपं, जास्त नको. दीड-पावणेदोन महिन्यांत पहिली भेंडी हातात येते.

दोडका लावलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा. चौथ्या मजल्यावर माशा कमी येतात, फळ धरत नाही आणि लोक खत वाढवत बसतात. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. ज्या फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा चिमुकला दोडका असतो ते मादी. साधं देठाचं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या मध्यावर हळूच टेकवायचा. दोन-तीन दिवसांत तो चिमुकला दोडका फुगायला लागला तर जमलं. पिवळा पडून गळला तर दुसऱ्या फुलाला परत करायचं.

मोगरा: हाच शेवटचा आठवडा. मोगरा नवीन फुटीवर फुलतो आणि तुमच्या बादलीत दोन वर्षांची जुनी लाकडं माजलीत. चार-पाच दिवस पाणी तोडा. मग वरचा तिसरा हिस्सा छाटा, उरलेली पानं हाताने ओरबाडून काढा. हो, सगळी. वाईट वाटेल, वाटू द्या. माती दोन इंच उकरा, दोन ओंजळी जुनं शेणखत, आणि भरपूर पाणी. पाच-सहा तास कडक ऊन मिळेल अशी जागा. सावलीतला मोगरा नुसती पानं काढतो. मार्चअखेर कळ्या दिसल्या नाहीत तर मला इथेच शिव्या घाला.

ओलीचं म्हणाल तर सेक्रेटरींचं अगदीच खोटं नाही. बादल्या थेट फरशीवर ठेवू नका, विटांवर ठेवा. खाली वाहणारं पाणी दिसतं, सुकतं आणि तापलेल्या स्लॅबची धगही मुळांना लागत नाही. वर वाळक्या पाल्याचा तीन इंच थर. पाणी निम्म्यावर येतं, भांडणही.

---

गच्चीवरची | १४ फेब्रुवारी, रात्री ९.२०

काय काय दिलंत तुम्ही! बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मोहाडीचा यांना त्यांचा निरोप: "मोहाच्या पुऱ्या खाल्ल्या, आणि रायता वर्गात आणून वाटणाऱ्या पोराले मी दोन मार्क जास्त देलो होतो, हे आता सांगाले हरकत नाही."

उद्या मोगऱ्यावर कात्री. सासूबाई कोल्हापूरच्या, त्यांचं दैवत जोतिबा. त्यांनी विचारलंय की गच्चीत दवणा लावता येईल का. चैत्र पौर्णिमेला जोतिबाला दवणा वाहतात, त्या वासाशिवाय त्यांना चैत्र वाटतच नाही.

---

कुंडीतला_शेतकरी | १४ फेब्रुवारी, रात्री १०.१०

दवणा आता नाही. तो दिवाळीनंतर पेरायचा, थंडीत वाढतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतो. यंदा बाजारातून जुडी आणा. नोव्हेंबरच्या पानावर लिहून ठेवा.

---

गच्चीवरची | २ मार्च २०२६, दुपारी १.१५

काल जाऊन आलो! सविस्तर लिहिते, कारण हे तुमचंच काम आहे.

पहाटे सव्वापाचला निघालो. बाबा साडेचारपासून कपडे घालून, काठी हातात घेऊन सोफ्यावर बसलेले. पौडला चहा. मुळशीच्या पाण्यावर धुकं होतं आणि मी स्वेटर न घेतल्याबद्दल सगळ्यांचं ऐकून घेतलं. (दोनच_ऋतू, नोंद घ्या.) घाटात पांगारा दिसला तेव्हा नवरा जोरात ब्रेक लावून म्हणाला, "पळस!" बाबा मागून शांतपणे, "नापास."

विळ्याच्या पुढे भाताचे खुंट वाळलेली खाचरं सुरू झाली आणि मग सवा-आठच्या सुमाराला बांधावर तीन झाडं एका रांगेत. मी आतापर्यंत पळस बसमधून बघितलाय, जवळून कधीच नाही. पान एकही नाही. फांद्या वाकड्यातिकड्या, राखाडी, म्हाताऱ्या माणसाच्या बोटांसारख्या. त्यावर कळ्यांचे घोस, आणि कळीची टोपी काळपट तपकिरी मखमलीची. बोट फिरवलं तर खरंच मखमल. म्हणून लांबून झाड नुसतं केशरी दिसत नाही. त्यात काळं मिसळलेलं असतं आणि त्या काळ्यामुळे केशरी पेटतं. पाकळीवर बाहेरून बारीक चंदेरी लव. आणि चोच. मोहाडीचा म्हणाले तशीच, हुबेहूब, खाली वळलेली.

एका फांदीवर शिंजीर उलटा लटकून फुलात तोंड घालत होता. काळा-जांभळा, उन्हात वळला की निळा. वरच्या फांदीवर कोतवाल बसला होता, तो स्वतः प्यायचा आणि साळुंकी आली की तिच्या अंगावर जायचा. खारीने एक फूल तोडून मुळाकडून चावलं आणि टाकून दिलं, लगेच दुसरं. टप, टप, खाली फुलं पडत होती. तेवढाच आवाज.

बाबा गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला. परत काढला. आम्ही कुणी बोललो नाही. दहा मिनिटांनी म्हणाले, "मागच्या पाच-सात वर्षांपासून मी पाहत होतो तो पळस मातकट होता. मले वाटे, पळसच तसा व्हायला लागला."

मी जरा पुढे चालत गेले, तिथे उभं राहून पाणी प्यायले.

मग एक आजी शेळ्या घेऊन आल्या. शेळ्यांनी खाली पडलेल्या फुलांवर तोंड टाकलं. आजींनी आम्हाला विचारलं की गाडी बंद पडली का. पळस बघायला आलोय म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "पुण्यावरून? हा तर आमच्या शेळ्या खातात." बाबाही हसले. मग दोघांनी बांधावर बसून पळसाच्या पानांच्या पत्रावळ्यांवर चर्चा केली. किती पानं, कुठली काडी टोचायची, लग्नाला किती लागायच्या. पळसाला पानं तीनच असली तरी पंक्ती त्याच्यावर किती उठल्या असतील!

निघताना बाबांनी एक फूल उचलून शर्टाच्या खिशात ठेवलं. घरी येईपर्यंत खिशाला पिवळा डाग. धुवायला टाकला तर म्हणाले, "राहू दे, होळी झाली."

कुयरी मिळाली. सासूबाईंनी तेल लावून चिरली, वाफवून ठेचली, भिजवलेल्या चवळ्या आणि ओलं खोबरं घालून, सुक्या मिरचीची फोडणी. पहिल्यांदा खाल्ली. बाबांना वाटलं मटण आहे आणि ते ताटावरून उठायच्या बेतात होते.

---

माणगावकर | २ मार्च, दुपारी ३.४०

आमच्या बांधावरचा पळस तुमच्या बाबांना पास झाला, आनंद आहे. पुढच्या वेळी सांगून या, घरी चहा घेऊन जा. आणि त्या आजींचं बरोबर आहे. आम्ही हे झाड बघायला थांबत नाही.

---

नीरा_काठ | ३ मार्च, सकाळी ८.००

बाबांना अजून फिरवायचं असेल तर नावाचा पळस बघायला इंदापूर तालुक्यात पळसदेवला न्या. पळसनाथाचं जुनं देऊळ उजनी धरणात बुडालंय, उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते उघडं पडतं. वाटेत भिगवण. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) अजून असतील, होडीतून बसून बघता येतात, म्हणजे गुडघ्यांना त्रास नाही.

---

आंबेडाळ_आज्जी | २४ मार्च, सकाळी १०.२५

गच्चीवरची, गौर बसली का? डाळीचं काय झालं कळव. चैत्रांगणाचा फोटो टाक.

---

गच्चीवरची | ५ एप्रिल २०२६, रात्री ९.५५

आज्जी, उशीर झाला, माफ करा. हळदीकुंकू गेल्या शनिवारी, २८ मार्चला झालं. ४० म्हणता म्हणता ५२ जणी आल्या. पन्हं तुमच्या प्रमाणाने केलं होतं, त्यात दोन तांबे पाणी जास्त ढकलून वेळ मारून नेली, कुणाला कळलं नाही. डाळ आंबली नाही. पण खोबरं शेवटी घालायच्या नादात ते घालायचंच राहिलं. पहिल्या वीस जणींनी बिनखोबऱ्याची खाल्ली आणि त्यातल्या दोघींनी कृती विचारली! चैत्रांगणात माझा हत्ती डुकरासारखा दिसत होता, म्हणून फोटो टाकत नाही. स्टिकर नव्हता एवढं मात्र शपथेवर.

सेक्रेटरींच्या मिसेस आल्या होत्या. ओटी भरून झाल्यावर म्हणाल्या, "गच्चीत मोगरा फुललाय ना? जिन्यात वास येतो." दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी दोन विटा स्वतः आणून दिल्या.

दोडक्याचं लग्न मी संध्याकाळी साडेसहाला लावते आणि बाबा खुर्चीत बसून पौरोहित्य करतात. पाच लावली, दोन टिकली.

बाबांनी आता नवा उद्योग काढलाय. घरात एक जुना, अर्धा कोरा हजेरीपट सापडला. त्यात ते रोज सकाळी नोंद करतात. गॅलरीसमोरच्या वाळक्या फांदीला तांबट पक्षी भोक पाडतोय, ती फांदी तोडायला माणूस आला तेव्हा बाबांनी त्याला खालूनच परत पाठवला. तीन दिवस कोण किती वेळ ओरडलं याचा हिशोब ठेवून त्यांनी मला सांगितलं की कुहू करतो तो नर कोकीळ, मादी नुसती किक-किक करते, आणि आपण सगळे निबंधात "कोकिळा गाते" लिहून मार्क मिळवत आलो. "मीच देत आलो," असंही म्हणाले.

आज सकाळचं पान तुमच्यासाठी उतरवून काढते, त्यांच्याच शब्दांत:

पळस — हजर, १ मार्च. माणगाव रस्ता.
कोकीळ — हजर. गडबड करतो.
तांबट — हजर, वर्गात ठोकाठोकी.
मोगरा — २७ मार्चपासून हजर. आज ११ फुले.
दोडका — दोन हजर, तीन गळाले.
बहावा — अद्याप नाही. कळी आहे. वाट पाहणे.
मोह — रजेवर. (पुढच्या मार्चात साकोलीले जाऊन भेटणे.)
दवणा — प्रवेश नोव्हेंबरात.
मेथी, कोथिंबीर, पालक — नाव कमी केले.